चंद्रीच्या गळ्याखालची सूज

पुलगावला चंद्री गाय मालडब्यात चढवली, तेव्हा रोहणा गावच्या गिरजाकाकूंनी तिच्या पाठीवर गोधडी टाकली. "थंडी लय राह्यते म्हणे तिकडं. काढजो नको भाऊ." लाहौलमधल्या एका आश्रमाला गवळाऊ जातीची गाय हवी होती आणि काकूंनी हाताने वाढवलेली गाय दान दिली होती. मी जनावरांच्या दवाखान्यातला ड्रेसर. काकूंच्या सांगण्यावरून गाय रुळेपर्यंत महिनाभर तिथे राहणार होतो. थंडीची सगळ्यांना धास्ती होती, पण हवेचा विचार कुणीच केला नव्हता.

आगगाडीनंतर ट्रक. रोहतांग घाटात माझं डोकं फुटायला आलं आणि चंद्री तोंड उघडं टाकून उभी होती. पलीकडे उतरलो तर नुसते बोडके डोंगर, बटाट्याची शेतं आणि खारट लोणीचहा. तो काही मला गेला नाही.

तिसऱ्या आठवड्यात चंद्रीची पोळी (गळ्याखालची लोंबती कातडी) भरदार दिसू लागली. गाय अंगाने भरली म्हणून मी हरखलो. खुराक वाढवला आणि काकूंना तसं पत्रही टाकलं. काय म्हणावं या अकलेला!

आठवड्याने शेजारची डोल्मा आपले याक हाकत आली. तिने पोळीत अंगठा रुतवला. खळगा तसाच राहिला.

"भैया, मोटी नहीं हुई। पानी भरा है। आज ही नीचे ले जाओ।"

असं दाबून पाहणं हे माझं रोजचं काम, आणि मी नुसता कौतुकाने बघत बसलो होतो.

तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. विरळ हवेत आपल्या गाईच्या फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात, हृदय रेटून रेटून थकतं आणि पाणी गळ्याखाली साचतं. याकच्या तशा आवळत नाहीत. त्यांच्या कितीतरी पिढ्या तिथेच वाढल्या आहेत. उपाय एकच होता, गाय खाली नेणं. पण आदल्याच दिवशी बर्फाने घाट बंद झाला होता. तीन दिवस मी ट्रकवाल्यांच्या हातापाया पडलो. चौथ्या दिवशी दुपारी चंद्री बसली, ती उठलीच नाही.

घाट उघडल्यावर एकटा परतलो. वाटेत कशातच मन लागलं नाही. आठवडाभर आधी अंगठा लावला असता तर ती जगली असती, एवढंच कळत होतं.

रोहण्याला काकू अंगणात होत्या. मी सगळं सांगितलं, पत्रातली चूकसुद्धा. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मुकं जनावर हाय, ते काय सांगन? म्हून तर तुले संगं धाडलं होतं."