ऑल्टच्या बटणाखालचा चुना

मंडळी, आज चाकणच्या वजनकाट्यावर माझी नोकरी जाता जाता राहिली.

तिथल्या कॉम्प्युटरचा माऊस बंद आहे. स्क्रीनवर वजनाच्या खिडकीतून गेटपासच्या खिडकीत जायला मी ऑल्ट आणि टॅब दाबतो. आज ऑल्ट दबेचना. बाहेर ट्रकांची रांग लागली.

“आबा, जमत नसेल तर घरी बसा!” साहेब ओरडले.

घाबरून कीबोर्ड उलटा केला, तर तंबाखूचा चुरा पडला. बटणाखाली वाळलेला चुना. शी! फडक्यानं खरवडला, तेव्हा बटण चाललं.

संध्याकाळी पुढच्या शिफ्टच्या बाळूला बोललो. तो तंबाखू मळतच म्हणाला, “आबा, एवढ्यानं काय होतंय?” आणि त्याच अंगठ्यानं ऑल्ट दाबला.

साहेबांना सांगू, की उद्याही शिव्या खाऊ?