सुईवर ऐकणारा माणूस

डोमाजी म्हैसने सिनेमात आवाज धरायचं काम करायचा आणि त्याला ऐकू येत नव्हतं. ज्यांना यात हसू येतं त्यांनी हसून घ्यावं. बाळापूरच्या नदीत सगळी कंपनी हसली, तिथे आणखी चार माणसांनी काय फरक पडतो?

जन्माचा बहिरा नव्हता तो. बाळापूरपासून दोन कोसांवरच्या खेड्यातला. बाप लवकर गेला, आईने, मैनाबाईने, दोन पोरं वाढवली. थोरला रामराव शेतीत राहिला, धाकटा डोमा अकोल्याला जिनिंगमध्ये लागला. इंजिनाच्या आवाजात जरा खोट आली की मिस्त्रीच्या आधी ह्याला कळायची. तिथून तो टॉकीजच्या मशीनवर गेला, आणि बोलपट नवे असताना मशीन बसवायला आलेल्या पुण्याच्या एका माणसाने त्याला उचलून स्टुडिओत नेलं. आधी वायरी ओढल्या, मग माईकची काठी धरली, मग एके दिवशी कानाला हेडफोन लागले. पडद्यावर नाव येऊ लागलं. बायको-पोरं करायला काही त्याला सवड झाली नाही.

त्या काळी स्टुडिओत रेकॉर्डिस्टचा तोरा काही औरच होता. शॉट संपला की दिग्दर्शक विचारणार, "साउंड?" आणि काचेमागून 'ओके' आल्याशिवाय पुढे पान हलायचं नाही. तिकडून 'एनजी' आलं की पुन्हा सगळं पहिल्यापासून. नावाजलेल्या नटाने जीव तोडून केलेला प्रसंग डोमाजी एका शब्दात मातीत घालायचा, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. वऱ्हाडी बोलतो म्हणून ज्यांनी त्याला हसून हसून बेजार केलं होतं, त्यांना तो एकेक वाक्य सहा-सहा वेळा बोलायला लावायचा. चार माणसं जोडावीत हा गुण त्याच्यात नव्हताच.

मैनाबाई गेली तेव्हा तो कोकणात शूटिंगला होता. त्याला कळलं दीड महिन्याने, तेही अकोल्याच्या एका सरकीवाल्याकडून. धावत गावी गेला तर रामरावाने दार लावून घेतलं. बाहेर पारावरच्या लोकांनी सांगितलं, "तार केली होती ना तुह्या भावानं. नाई आला तू. नाचनाऱ्या बाया सोडून कायले येशीन?" डोमाजी शपथा घेऊन सांगत राहिला की तार मिळालीच नाही. पुण्याला परतल्यावर त्याने पोस्टात जाऊन विचारलं, स्टुडिओच्या दरवानाला धरून विचारलं. पण आईला पाणी पाजायला न आलेल्या पोराचं कोण ऐकतं? भाऊ बोलायचा बंद झाला, गाव तुटलं. पुढेपुढे तर त्याला स्वतःलाच वाटू लागलं की तार आली असेल, आपल्याच हातून कुठे तरी गेली असेल.

त्यानंतर वर्षभरात कान गेला. एका लढाईच्या चित्रात दिग्दर्शकाला तोफेचा आवाज खराखुरा हवा होता. दारूकामवाल्याने माईकच्या बुडाशी बार ठेवला आणि साउंडवाल्याला सांगायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. डाव्या कानातून रक्त आलं. डोमाजीने ते रुमालाने पुसलं आणि 'ओके' म्हणाला. तो कान त्याच दिवशी संपला. उजवा दोन-तीन वर्षं हळूहळू विझत गेला.

आता आवाजवाल्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याला कोण ठेवणार? दुसरं काही त्याला येत नव्हतं, आणि गावी परत जायचं तर तोंड कुठे होतं? म्हणून त्याने एकच गोष्ट जिवापाड सांभाळली. आपण बहिरे आहोत हे कुणाला कळू द्यायचं नाही.

मशीनवर एक सुई असते. आवाज आला की हलते, मोठा आला की तांबड्या रेघेकडे धावते. डोमाजी ती सुई डोळ्यांत तेल घालून बघू लागला. सुई चांगली वर गेली की 'ओके', खाली लोळली की 'आवाज कमी, पुन्हा'. पण बोलणं कोणतं आणि कावळ्याची कावकाव कोणती, हे सुई सांगत नाही. त्यासाठी त्याने खुशालला हाताशी धरलं. खुशाल त्याच्या जिनिंगमधल्या सोबत्याचा भाऊ. डोमाजीनेच त्याला अकोल्याहून आणलं, काम शिकवलं, आपल्या खोलीत ठेवलं. दुसरे हेडफोन लावून तो शेजारी बसायचा आणि आवाजात घाण आली की डोमाजीच्या गुडघ्यावर हात ठेवायचा. बाहेर लोकांशी बोलताना डोमाजी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. ओठ वाचायला तो इतका शिकला की समोरासमोर कुणाला संशय येत नसे. एकदा एका नटीने तक्रार केली की हा माणूस माझ्या ओठांकडे वखवखून बघतो. चारचौघांत त्याला झाडण्यात आलं. तो खाली मान घालून उभा राहिला आणि त्याने माफी मागितली. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा त्याला लंपट म्हणवून घेणं परवडलं.

सत्तावन्नच्या हिवाळ्यात कंपनी बाळापूरला आली. दिग्दर्शक बापूसाहेब पुण्याचे. त्यांना खेड्यातलं चित्र काढायचं होतं, आणि किल्ल्याखालचं नदीचं पात्र त्यांच्या मनात भरलं होतं. आसपासच्या गावांतली माणसं गर्दीसाठी रोजाने घेतली. त्यांत रामराव होता. उंच, गाल बसलेले, डोळे खोल. बापूसाहेबांना तो चेहरा बघताक्षणी आवडला. दोघे भाऊ आहेत हेही त्यांना कुणीतरी सांगितलं. भाऊ मात्र एकमेकांसमोरून परक्यासारखे जात होते.

घात झाला तो एसटीच्या भोंग्याने. एका शॉटमध्ये रस्त्यावरून गाडी भोंगा वाजवत गेली. खुशाल नेमका चहा प्यायला गेला होता. सुई छान वर गेली आणि डोमाजी म्हणाला, "ओके." सगळं युनिट एकमेकांकडे बघू लागलं. बापूसाहेबांनी खुशालला बाजूला घेतलं. फार काही करावं लागलं नाही. "हे चित्र संपेपर्यंत तू रेकॉर्डिस्ट," एवढं म्हणताच खुशालने सगळं ओकून टाकलं.

बापूसाहेबांना डोमाजीला नुसतं काढता आलं असतं. पण सहा-सहा वेळा वाक्यं बोलायला लावलेल्या नटांची त्या माणसाशी जुनी उधारी होती, आणि बापूसाहेबांनाही गंमत आवडायची. त्यांनी रामरावाला कॅमेऱ्यासमोर उभं केलं, माईक डोक्यावर आणला आणि म्हणाले, "तुमचा भाऊ त्या बंद गाडीत बसलाय. तुमचा श्वाससुद्धा त्याला ऐकू येतो. मनात असेल ते बोला त्याला. त्याला मधे बोलता येणार नाही." मग मागे वळून ते हसले. चांगल्या तोंडभर शिव्या ऐकायला मिळतील आणि आतून 'ओके' येईल, असा त्यांचा हिशेब होता. चेहरा उत्तम आहे म्हणून त्यांनी कॅमेराही चालू ठेवायला सांगितला.

रामरावाने मान वर करून माईककडे पाहिलं. गर्दीत त्याची बायको मनकर्णा उभी होती, अर्धं गाव उभं होतं.

"डोमा," तो म्हणाला, "मायच्या टायमाले म्या तुले तार केली नोती. पोस्टाच्या पायऱ्यांवरून वापस आलो. गू-मूत मी काढून राहिलो होतो. पानी माह्या हातानं पे, आन् नाव तुहं घे. डोमा आला का, डोमा आला का. मले राग आला रे. गावाले सांगतलं तार केली म्हनून. केलीच नोती."

साउंडच्या गाडीत तांबडा दिवा लागला, म्हणजे शॉट संपला. डोमाजीला वाटलं कुणी म्हातारा शेतकरी असेल, दोन वाक्यं असतील. सुई जेमतेम हलली होती. शेजारी खुशालने प्रत्येक शब्द ऐकला होता, आणि त्याचा हात काही डोमाजीच्या गुडघ्यावर आला नाही. गाडीच्या टपावरच्या भोंग्यातून डोमाजीचा आवाज नदीत घुमला, "आवाज कमी आहे. पुन्हा. जोरात."

रामरावाने भोंग्याकडे असं बघितलं की जणू कुणी थोबाडीत मारली. पण त्याला ते पटलंही असावं. इतकी वर्षं गावासमोर भावाची अब्रू घेतली, आता गावासमोरच बोलायला लावतो आहे, बरोबर आहे. त्याने पुन्हा सांगितलं. मायच्या नावापाशी आला आणि आवाज खाली गेला. सुई खाली लोळली.

"अजून कमी. लाजू नका, मोकळेपणानं बोला."

हे वाक्य डोमाजी प्रत्येक नवख्याला म्हणायचा. बापूसाहेबांच्या हसण्याला आता कुणी साथ देत नव्हतं, तरी त्यांनी हात वर करून कॅमेरा चालू ठेवला. तिसऱ्यांदा रामराव ओरडला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, तोंडातून लाळ गळली, डोळे वाहत होते. "तार केली नोती! म्याच केली नोती!" मनकर्णाने पदरात तोंड लपवलं.

भोंगा म्हणाला, "ओके. फस्क्लास."

रामराव वळला आणि गावाच्या वाटेला लागला. मनकर्णा त्याच्यामागे धावली. इकडे बापूसाहेबांनी गाडीचं दार उघडलं, मागे सगळी नटमंडळी. साउंडवाल्याचा आता काही धाक उरला नव्हता, सगळे पोट धरून हसले. डोमाजीने पहिला जो ओठ वाचला त्यावर 'बहिरा' होतं. त्याने हेडफोन काढून ठेवले. मग खुशालकडे वळला.

"कोन होता शॉटमंदी?"

"तुमचा भाऊ."

"काय बोलला?"

खुशालला भीती वाटली. हा भावाकडे गेला, गाव याच्या बाजूने उभं राहिलं, तर खुर्ची हातची जायची. तो म्हणाला, "शिव्या देल्ल्या. आईवरून."

डोमाजी ट्रंक घेऊन तसाच अकोल्याला गेला. तिथे ओळखीची माणसं फार, म्हणून पुढे अमरावतीला. एका टॉकीजच्या दारात तिकिटं फाडायचं काम मिळालं, त्याला कान लागत नाहीत. आपण भावाला तीन वेळा आपल्याच आईवरून शिव्या द्यायला लावल्या आणि वर 'फस्क्लास' म्हणालो, हे घेऊन तो दोन वर्षं जगला. मालक त्याला हाक मारायला खडे मारायचा. पब्लिकला ती करमणूक वाटायची.

मग ते चित्र अमरावतीला लागलं. रामरावाचा चेहरा इतका चांगला आला होता की बापूसाहेबांनी तो ठेवला, आवाज तेवढा काढून टाकून त्यावर सारंगी भरली. पोराला निरोप देणारा बाप म्हणून तो पडद्यावर भिंतीएवढा रडत होता आणि बायका डोळे पुसत होत्या. दारात उभ्या असलेल्या डोमाजीने वर पाहिलं. भरल्या थिएटरात त्या ओठांवरचं कुणालाच कळत नव्हतं, सारंगीत सगळे बुडाले होते. त्याला सारंगी नव्हती. तार. केली नोती. म्याच केली नोती.

पुढच्या खेळालाही तो उभा राहिला. वाचण्यात चूक नव्हती. म्हणजे आपण आईला टाकलं नव्हतं. हा आनंद त्याला क्षणभरच झाला, कारण लगेच दुसरी गोष्ट ध्यानात आली. हे आपण भावाला तीनदा बोलायला लावलं, जोरात.

सकाळच्या एसटीने तो निघाला, बाळापूरला उतरून चालत गावी गेला. रामराव खाटेवर होता. शूटिंगच्या त्या दिवसापासून गावाने त्याला लग्नात-मयतीत बोलावणं सोडलं होतं. लोक त्याला सांगत, अरे, तो बहिरा आहे, त्याला ऐकूच आलं नाही. रामराव म्हणायचा, "बहिरा असता तं आवाज कमी हाय हे त्याले कसं समजलं?" सुई कुणी पाहिली होती?

डोमाजी खाटेपाशी बसला. "दादा," तो म्हणाला, "मले आयकू नोतं आलं रे. सुई पाहून बोलत होतो मी. आता समजलं मले. मले काई राग नाई." तो बोलत राहिला, किती मोठ्याने ते त्यालाच कळत नव्हतं. शेजारपाजारची माणसं दाराशी जमली.

रामरावाने भिंतीकडे तोंड केलं आणि मग बोलला. "आता गाव गोया करून सांगून राहिला का? मी चौथ्यांदा नाई म्हनत. जाय म्हना त्याले."

डोमाजीला भावाची पाठ दिसत होती. खांदा हलला, म्हणजे तो काहीतरी बोलला एवढं कळलं. त्याने मनकर्णाकडे पाहिलं. वहिनीच्या तोंडावर पदर होता. काय बोलला म्हणून विचारावं, हे त्याच्या जिभेवर आलं, पण दाराशी माणसं होती आणि इतक्या वर्षांत त्याने चारचौघांत कुणाला 'काय?' म्हणून विचारलं नव्हतं. तो मान डोलवू लागला.

"हो दादा," तो म्हणाला. "हो, हो."