बांधावरून ओतलेली

शेठनं वरून माझ्या तोंडात दारूची धार सोडली आणि पाहुण्यांना म्हणाला, "बघा आता. तेल घातलं की गाडी कशी पळते."

गाडी म्हणजे मी.

पाहुणे चिखलोलीच्या नव्या बिल्डिंगमधले. बारवी धरणाकडे आवणी, म्हणजे भाताची लावणी, बघायला आलेले. एक बाई मोबाइल धरून म्हणाली, "फिरसे करो ना, ठीक से नहीं आया." शेठनं पुन्हा ओतली. मी पुन्हा प्यायले. मला काहीच वाटलं नाही. राग नाही, लाज नाही. वाकले आणि रोप लावू लागले.

आमच्या कातकरी बायकांची आवणी अशीच चालते. हात चिखलात, म्हणून शेठ बांधावरून तांब्यानं गावठी ओतणार, आम्ही ओळीनं तोंडं उघडणार. हात धुवायला सोडलं तर काम थांबेल. शिवाय तांब्या आमच्या ओठाला लागत नाही, तीही सोय. शेठ माळकरी, स्वतः थेंबाला शिवत नाही. आमची कंबर दुखू नये म्हणून देतो म्हणे. केवढी माया!

लग्न होऊन आले तेव्हा मी पीत नव्हते. पहिल्या आवणीत सगळ्यांबरोबर तोंड उघडलं. मग अंगवळणीच पडलं. पुढे सकाळी हात कापायला लागले. मुठीतलं रोप सुटं होईना. छाती धडधडायची, मागून कोणीतरी मारायला येतंय असं वाटायचं. बाधा असेल म्हणून भगताकडे कोंबडं दिलं. उपयोग शून्य. दारू पोटात गेली की सगळं गप्प. मला वाटायचं, हेच औषध.

पाहुणे येऊन गेले त्याच आठवड्यात ताप आला. बदलापूरला सरकारी दवाखान्यात गेले. डाक्टरणीनं माझे हात बघितले. "झोप लागते का? भीती कसली वाटते?" जन्मात मला हे कोणी विचारलं नव्हतं. सगळं सांगितलं, दारूचंही.

ती म्हणाली, "दारू उतरली की भीती वाढून येते. पण एकदम बंद करू नका, फिट येईल. इथं दाखल व्हा. गोळ्या देऊन सोडवू."

दुसऱ्या दिवशी शेतात शेठला सांगितलं, "भीतीचा आजार हाय. दाखल व्हायचंय."

तो हसला. "तुम्हाला कसला मनाचा आजार? तो शिकलेल्या लोकांना होतो. तोंड उघड."

दोन्ही बाजूंच्या बायका तोंड वर करून थांबलेल्या. मी ओठ मिटले. दारू हनुवटीवरून पोलक्यात गेली.

"उघड बोलतो ना!"

"नाय उघडणार."

आवाज माझाच होता, हे मला जरा उशिरा कळलं.

"मग निघ. परत येऊ नको."

हातातली रोपांची मूठ खाली ठेवली आणि बांधावर चढले. ओळीतल्या कोणी मान वळवली नाही.

दाखल झाले. दवाखान्यात घाम फुटायचा, भिंती अंगावर यायच्या. घरी आले तरी भीती आहेच. गोळी घेते. काम कोणी देत नाही, शेठनं सगळ्यांना सांगून ठेवलंय.

काल माझी जाऊ दारात येऊन उभी राहिली. ती अजून त्याच ओळीत आहे.

"माला पण ने त्या डाक्टरणीकडं. माझा पण जीव घाबरतो."

"आवणी टाकून?"

तिनं हात पदराखाली लपवले, तरी कापताना दिसत होते.

उद्या तिला घेऊन जाणार. मग तिच्या शेजारी लावणारीला. एकेकीला विचारणार, झोप लागते का, भीती कसली वाटते. आवणी खोळंबली तर खोळंबू दे. उतरू दे शेठला चिखलात.