अकोट ते अमरावती, उपाशी पोटी

मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६. अकोट बसस्थानक, सकाळी सव्वासात. हजर: पुण्याहून आलेली मी, माझी धाकटी बहीण प्रतिभा आणि तिची आठ वर्षांची मुलगी अस्मिता. शिवाय एक जाड फाइल, पाण्याची बाटली, चादर.

अस्मिताच्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार उन्हाळ्यात संपले होते. मागच्या तपासणीत मात्र रक्तातल्या पेशी थोड्या कमी भरल्या. आजार परतत असेल तर तो आधी हाडांतल्या मज्जेत दिसतो, म्हणून अमरावतीच्या डॉक्टरांनी बोलावले होते. मुलाला थोडा वेळ झोपवून कमरेच्या हाडातून सुईने मज्जा काढतात. त्यासाठी पोट रिकामे लागते. हे मी प्रतिभाला दोनदा आणि अस्मिताला तीनदा सांगितले. बसला सांगायचे राहिले.

मला पुढे जागा मिळाली, त्या दोघींना मागे. कापसाच्या गाड्या जिनिंगच्या कारखान्याकडे निघाल्या होत्या. त्या वर्षी वऱ्हाडात कुणी कापसाच्या भावाचा विषय काढला, की शेजारचा खिडकीबाहेर पाहू लागे. परतवाड्याच्या आसपास संत्र्यांच्या बागा लागल्या. वळून पाहिले तर प्रतिभाचा डोळा लागला होता आणि अस्मिता एका आजीला टेकून खुशीत होती. मला बरे वाटले.

आजींचे नाव कौसाबाई. त्यांना पुढे गुरुकुंज मोझरीला जायचे होते, पण अस्मिता बोट सोडेना, म्हणून त्या दवाखान्यापर्यंत आल्या. तिथे नर्सने विचारले, सकाळपासून काय खाल्ले?

"संत्र्याच्या तीन फोडी," अस्मिता म्हणाली. "आजीनं देल्ल्या."

नर्सने सुईचा ट्रे परत ठेवला. पोट रिकामे व्हायला हवे, म्हणून आता दुपारी तीनला. मी कौसाबाईंना शुद्ध पुणेरी मराठीत बरेच सुनावले. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"मले का मालूम बाई? लेकरू उपाशी दिसलं, देल्लं," त्या म्हणाल्या. "आता थे जेवढा येळ (वेळ) उपाशी, तेवढा येळ मीबी."

मोझरीची बस त्यांनी सोडली. बाकावर बसून अस्मिताला आपल्या बकरीच्या खोड्या सांगत राहिल्या. दोन तासांनी मीच ओशाळून चहा आणला; त्यांनी तो प्रतिभाकडे सरकवला.

तीनला अस्मिताला आत नेले. दाराच्या काचेतून डॉक्टर मज्जेचे थेंब काचपट्टीवर पसरताना दिसत होते.

"ताई, डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून कळते का गं काही?" प्रतिभाने विचारले.

नाही, मी म्हणाले. मीही चेहराच पाहत होते.

अस्मिता जागी झाली, पाणी प्याली, बिस्किट मागून घेतले. मगच कौसाबाईंनी फडक्यातली भाकर सोडली आणि आम्हा सगळ्यांना वाटली. अहवालाला आठ दिवस लागणार होते. निघताना गावचा पत्ता सांगून त्या मला म्हणाल्या, "मले फोन नाही. कार्ड टाकजो. काईबी निंगो (निघो), टाकजो."

पुण्याला येऊन पाच दिवस झाले. बसमधल्या अनोळखी मुलीच्या पोटाची काळजी करणाऱ्या बाईवर मी चिडले, याचे आता हसू येते; अर्धवटच येते. प्रतिभा रोज दवाखान्यात फोन करून विचारते, अहवाल अजून नाही. पोस्टकार्ड आणले आहे. कौसाबाईंचा पत्ता लिहून झाला आहे. मजकूर लिहायचा राहिला आहे.