नमुन्यापुरता फोटो

नवा कॉम्प्युटर आला तेव्हा मला आधी खटकली ती त्याची शांतता. जुना सुरू झाला की पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळायचं की बाई कामाला लागल्या. हा चालू आहे की बंद, ते हात लावून पाहावं लागे. कॉम्प्युटरच्या दुकानातल्या माणसाने वायरी जोडल्या, मी हळदकुंकू लावून नारळ फोडला, आणि "काही अडलं तर फोन करजा" म्हणून तो निघून गेला.

चिखलीत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, लग्न, नेमणूक आणि श्रद्धांजली. यातलं श्रद्धांजलीचं काम सगळ्यात घाईचं. माणूस सकाळी जातो आणि फ्लेक्स दुपारी चौकात लागतो. म्हणून ठरवलं, नव्या मशीनवर हात बसवायला आधी एक श्रद्धांजलीचा नमुनाच करून ठेवू. काळी किनार, समई, हार, खाली शोकाकुल मंडळींची जागा. फोटो हवा होता. जुन्या मशीनमधले फोटो अजून इकडे आणायचे होते. मोबाइलमध्ये हाताशी सापडला तो बाबांचा, पोळ्याला बैलाशेजारी काढलेला. मी बैल कापला आणि बाबा ठेवले. शोकाकुलमध्ये माझंच नाव टाकलं. नमुनाच तर होता.

मग खुर्ची मागे घेऊन पाहिलं. जुन्या स्क्रीनवर माणसं फिकी दिसायची, गेलेलीच वाटायची. या मोठ्या काचेत बाबांचं डोकं खऱ्या डोक्याएवढं होतं, डोळ्यांतली ओलसुद्धा दिसत होती, आणि गळ्यात हार. बाबा तिकडे साखरखेर्ड्याला धडधाकट होते. सकाळीच फोनवर विहिरीच्या मोटरीवरून त्यांनी माझं डोकं खाल्लं होतं. मी घाईघाईने ते बंद करायला गेले, तेवढ्यात लाइन गेली.

लाइन आल्यावर सॉफ्टवेअर उघडलं तर बाबा समोर. सेव्ह करायचं का, मशीनने विचारलं. मी 'नाही' दाबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं तर आत उजेड. मशीन बंद करून गेले होते, यावर मी कोणाशीही पैज लावीन. तरी स्क्रीन पेटलेली होती आणि बाबा रिकाम्या दुकानात माझ्या खुर्चीकडे बघत होते.

आठवडाभर हेच. कितीदा 'नाही' म्हटलं तरी ते परत यायचे. मी रोज शटर उघडण्याआधी साखरखेर्ड्याला फोन लावू लागले. "काय लावलं माय रोज रोज? मी काय पळून चाललो?" बाबा वैतागायचे. एके दिवशी त्यांनी फोन उचलला नाही. किल्ली हातात धरून मी अर्धा तास बाहेर उभी होते, कारण आत गेले तर ते दिसतील याची भीती वाटत होती. बाबा शेतात होते आणि फोन घरी राहिला होता, हे नंतर कळलं.

शेवटी कॉम्प्युटरच्या दुकानातल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "ताई, तुम्ही ते सेव्ह केलं नाही, म्हणून मशीनले वाटते काम अर्धं राह्यलं. नाव देऊन एकदा सेव्ह करा, मंग खुशाल डिलीट मारा."

त्याला सांगायला काय जातं. माझ्याकडे श्रद्धांजलीचं काम मयताच्या नावाने सेव्ह होतं, आणि त्या फोल्डरमध्ये जिवंत माणूस एकही नाही. एखाद्याच्या मरणाची खोटी बातमी उठली तर त्याचं आयुष्य वाढतं, असं आमच्याकडे मानतात. पण ही बातमी उठलेली नव्हती, मी स्वतःच्या हाताने बनवली होती. तिथे बाबांचं नाव टाइप करायची माझी छाती होईना.

आणि बाजाराच्या दिवशी बाबा स्वतःच आले, नवा कॉम्प्युटर बघायला. मी त्यांना नुसता निळा पडदा दाखवला. ते खुर्चीत बसले, माऊस हातात घेतला, इकडेतिकडे फिरवला. कुठेतरी क्लिक झालं आणि सॉफ्टवेअर उघडलं.

बाबांनी चष्मा लावला. खुर्चीतले बाबा आणि काचेतले बाबा समोरासमोर होते आणि पापणी कोणाचीच हलत नव्हती.

"बाबा, नमुना आहे तो. चुकून झालं."

"फोटो चांगला हाय," ते म्हणाले. "बैल कुठी गेला?"

"कापला."

त्यांनी खाली बोट ठेवलं. "तुहं एकटीचंच नाव? भावाचं काऊन नाही?"

भाऊ पुण्याला असतो, दिवाळीला येतो, तेही जमलं तर. दवाखाना, औषधं, मोटर, सगळं मी बघते. खरं सांगते, त्या क्षणी माझी भीती पळाली आणि राग आला.

"त्याचं वर घे. लोकं काय म्हणतीन."

मी घेतलं. माझं नाव खाली सरकलं. मग मी पान बंद करायला गेले तर बाबांनी माझा हात धरला.

"पुसू नको. करून ठेवलेलं बरं. त्या दिवशी तुह्यानं होणार नाही, माय."

मी सेव्ह दाबलं. मशीनने नाव विचारलं. बाबांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, सावकाश, तलाठ्यापुढे सांगतात तसं. मी रडत रडत टाइप केलं.

त्यानंतर ते पान आपणहून कधी उघडलं नाही. मीही उघडलेलं नाही. बाबा बाजाराला आले की दुकानात टेकतात, चहा घेतात आणि निघताना विचारतात, "थे हाय ना जागेवर?"

"आहे, बाबा."

"तारीख फक्त टाकाची हाय," ते म्हणतात आणि पायात चपला घालतात.