पाऊण मापाचा पलंग

तिला सगळेच ताई म्हणत. धाकटा भाऊ म्हणे, भावजय म्हणे, घरमालकीण म्हणे, तिच्याहून वयाने मोठा असलेला मॅनेजरही म्हणे. फुकटात देता येतो असा तेवढाच मान, असं ताईचं मत होतं. पगारवाढीचा विषय काढला की मॅनेजर हात जोडून म्हणे, "ताई, तुम्ही तर घरच्याच." घरच्यांना पगारवाढ द्यायची पद्धत तिथे नव्हती.

तिचं काम फ्लॅट दाखवायचं. अजून न बांधलेल्या इमारतीतला. इमारतीच्या जागी खड्डा होता, खड्ड्याच्या कडेला पत्र्याचं ऑफिस, आणि ऑफिसला चिकटून सॅम्पल फ्लॅट. हॉल, किचन, दोन बेडरूम, आणि किचनला लागून एक लहानशी खोली. कागदावर तिचं नाव 'स्टडी' होतं. ताई सकाळी येऊन हे घर पुसायची, सगळे दिवे लावायची, सोफ्यावरच्या उशा टोकावर उभ्या करायची आणि दिवसभर लोकांना त्यात फिरवायची.

त्या घरात खरं काही नव्हतं. नळाला पाणी नव्हतं. फ्रीजला नुसतं दार होतं, मागे फ्रीज नव्हता. फडताळातल्या पुस्तकांना पाठी होत्या, पानं नव्हती. उलट खोल्यांना दारंच नव्हती, कारण दार उघडायला जागा लागते आणि ती गिऱ्हाईकाच्या डोळ्यांत येते. आणि फर्निचर सगळं सुताराकडून पाऊण मापाचं करून घेतलेलं. सोफा अरुंद, टेबल बुटकं, कपाट इतकं उथळ की हँगर तिरका घालावा लागे. पलंग तर असा की त्यावर पुरता पाय पसरून झोपेल असा मोठा माणूस सापडणं कठीण. पाऊण मापाच्या सामानात खोल्या ऐसपैस दिसत. मॅनेजरने ताईला पहिल्या दिवशी एकच नियम शिकवला होता. गिऱ्हाईकाला पलंगावर बसवायचं, आडवं होऊ द्यायचं नाही.

लोक यायचे, बसायचे, आणि हरखायचे. कर्ता पुरुष भिंतीवर टकटक करून बघे, जणू भिंतींशी त्याची जुनी ओळख. बाई नसलेल्या फ्रीजचं दार उघडायला जाई. एकदा एका जोडप्याचं पोर संडासात जाऊन कार्यभाग उरकून आलं. त्याखाली पाइपच नव्हता. आईबाप हसले, "लहान आहे हो," म्हणाले आणि गाडीत बसून गेले. ऑफिसची झाडूवाली कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझं काम ऑफिसचं. घर तुमचं, ताई." ताईने ते साफ केलं. त्या दिवसापासून गिऱ्हाईक या जमातीबद्दल तिचं मत कायमचं ठरून गेलं.

संध्याकाळी ती आपल्या खोलीवर जायची. एका घराच्या वरच्या मजल्यावरची एक खोली. एक खिडकी, एक शेगडी, आईची लोखंडी खाट, आणि आतून कडी लागणारं दार. या दाराची तिला फार किंमत होती. भावाच्या घरी ती काही वर्षं हॉलमध्ये झोपली होती. टीव्ही बंद झाल्यावर तिने झोपायचं, आणि दूधवाला आला की उठायचं. लग्न का केलं नाहीस असं कोणी विचारलं की ती म्हणायची, "झोपायलाच वेळ नव्हता, लग्न कधी करू?"

एकट्याने राहणं स्वस्त पडतं असं ज्यांना वाटतं ते एकटे राहत नाहीत. दिवा एकीसाठीही तेवढाच जळतो. पंखा चौघांचा वारा एकीवर घालवतो आणि बिल चौघांचं आणतो. पावाचा पुडा संपायच्या आत शिळा होतो. ताप आला की पगार कापला जातो, आणि तापातही आपणच उठून पाणी आणायचं. महिन्याचा पगार भाड्यात, विजेत, गॅसमध्ये आणि बसच्या पासात विरघळून जाई. उरलेल्यात ताई जेवायची. पहिले पंधरा दिवस बरं, मग जरा बेताने.

सल्ले मात्र तिला भरपूर मिळत. मॅनेजर म्हणे, "ताई, बाहेरचा चहा बंद करा. वर्षाचं बघा किती वाचतात." तो हे बाहेरचा चहा पीत सांगे. भावजय फोनवर म्हणे, "पगार झाला की आधी थोडे बाजूला काढायचे, ताई, आणि मग खर्चाला हात लावायचा." ताई म्हणे, "काढते की. मालकीणबाईंच्या बाजूला."

या मालकीणबाई एका सकाळी जिना चढून वर आल्या. खाटेवर टेकल्या, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "ताई, एक तारखेपासून भाडं वाढवावं लागतंय. नाहीतर दुसरी एक मुलगी ठेवते तुमच्यासोबत. अर्धं अर्धं करा. एकट्या बाईला कितीशी जागा लागते?"

"तुम्हाला किती लागते?" ताईने विचारलं.

"माझं घर आहे, बाई."

"हो, तेच."

मालकीणबाईंनी वाढ जरा आणखी वाढवली.

ताईपुढे एकच रस्ता होता. फ्लॅटचं बुकिंग झालं की दाखवणाऱ्याला थोडं कमिशन मिळे. एका बुकिंगमध्ये वर्षभराची वाढ भागली असती. पण कित्येक महिन्यांत कोणी टकटक करण्यापलीकडे गेलं नव्हतं. ती खोटं हसली, पडदे धुतले, पलंगावरची चादर कडक ताणली. लोक बसले, हरखले, गेले.

महिना संपत आला आणि एका रविवारी तिचा भाऊच सॅम्पल फ्लॅटच्या दारात उभा राहिला. मागे भावजय, नवी पर्स धरून.

"सरप्राइज!" भाऊ म्हणाला. "म्हटलं, ताईकडूनच घ्यायचा. बाहेरचे लोक फसवतात."

मॅनेजर धावत आला. घरच्या माणसांसाठी त्याने बाहेरून चहा मागवला.

ताईने सगळं घर दाखवलं. रोजच्यासारखंच. भावाने भिंतीवर टकटक केली. भावजय फ्रीजपाशी गेली आणि दार उघडून मागे सरली. ती कमी बोलायची आणि नीट बघायची.

किचनशेजारच्या खोलीपाशी भाऊ थांबला. आत पाऊण मापाचं टेबल होतं, त्यावर कुंडी. बाकी काही मावत नव्हतं.

"ही तुझी," तो म्हणाला.

"माझी?"

"मग? किती दिवस लोकांच्या खोलीत राहणार? पगार सगळा भाड्यात घालतेस. त्यापेक्षा घरच्या हप्त्यात घाल. आपलंच घर होतंय."

"आपलं?"

"म्हणजे, नावावर आम्ही दोघं. पण बँकेला तुझी पगाराची पावती जोडावी लागेल. आणि एक सही. आमच्या दोघांच्या उत्पन्नात जरासं कमी पडतंय बघ."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. हाच भाऊ नातेवाइकांत सांगायचा, ताईला घरी बसवत नाही म्हणून जाते, पगार काय, वरखर्चापुरता. आता तोच पगार बँकेत नेऊन ठेवण्याच्या लायकीचा झाला होता.

"आणि ताई," भावजय गोड आवाजात म्हणाली, "तुमचं काही कमिशन असेल ना यात? ते तेवढं आमच्या किमतीतून कमी करायला सांगा. घरातल्या घरात कसलं कमिशन?"

मॅनेजर लगेच म्हणाला, "करू ना, करू! ताई घरच्याच आहेत."

ताईने आतली बेडरूम दाखवली आणि भावाकडे बघत पलंगाकडे हात केला.

"बाळ्या, जरा आडवा पडून बघ."

मॅनेजरचा कप हवेतच राहिला. "ताई, अहो, चादर..."

"पडू द्या. घरचाच आहे."

बाळ्या चपला काढून आडवा झाला. डोकं वरच्या फळीला टेकलं आणि पाय घोट्यांपासून बाहेर लोंबू लागले. त्याने खाली सरकून पाहिलं, वर सरकून पाहिलं. मग तिरका झाला. ताई वाट पाहत उभी राहिली. याहून स्पष्ट तिला सांगता आलं नसतं. मॅनेजर भिंतीकडे बघत होता.

बाळ्या उठून बसला आणि मोठ्याने हसला. "पलंग फारच छोटा आहे गं. काही हरकत नाही. आपण मोठा घेऊ."

ताई त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. याची शाळेची फी तिने भरली होती. गणितासाठी वेगळी शिकवणी लावली होती.

भावजय मात्र हसली नाही. तिने पलंग पाहिला, भिंतीपर्यंतची जागा पाहिली. वळून सोफा पाहिला, टेबल पाहिलं. मग ती चालत किचनशेजारच्या खोलीपाशी गेली आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नजरेने माप घेतलं. तिला कळलं. तिथे खाट बसणार नाही हेही कळलं. ताईला तिच्या चेहऱ्यावर ते स्वच्छ दिसलं.

"आमची बेडरूम जरा अडचणीची होईल," भावजय नवऱ्याला म्हणाली. "पण किचनजवळची ठीक आहे. एकट्या माणसाला कितीशी जागा लागते?"

"मी सही करणार नाही," ताई म्हणाली.

"काय?"

"पावतीही देणार नाही. त्या खोलीत फ्रीज ठेवा. खरा."

"अगं पण मग आम्हाला कर्ज कसं मिळणार?" बाळ्या ओरडला. घरात आल्यापासून त्याचं हे पहिलं सरळ वाक्य होतं.

"तुमच्यासाठी चाललंय सगळं," भावजय म्हणाली. गोडवा संपला होता. "म्हातारपणी कोण बघणार आहे तुम्हाला?"

"तिथे कोण बघणार होतं? आतून कडी नाही, त्यामुळे येता जाता सगळेच."

ते गेले. चहा तसाच राहिला. मॅनेजरने आवाज चढवला. घरचं गिऱ्हाईक घालवलं, पलंगावर माणूस झोपवला, असं कोण करतं? काढून टाकायची धमकीही दिली. पण काढलं नाही. त्या पगारात दुसरी मिळायला हवी ना!

ताईने मग दोन गोष्टी केल्या. आईची लोखंडी खाट भंगारवाल्याला विकली आणि वाढीव भाडं मालकीणबाईंच्या हातावर ठेवलं. त्यात फक्त तोच महिना निघणार होता. म्हणून दुसरी गोष्ट. मॅनेजरला म्हणाली, "ऑफिसची झाडलोट मीच करते. झाडूवालीला देता त्याच्या निम्मे मला द्या." त्याने आनंदाने मान डोलावली आणि त्याच दिवशी झाडूवालीला काढलं.

झाडूवाली जाताना सॅम्पल फ्लॅटच्या उंबऱ्याशी थांबली. तिने सोफा पाहिला, उशा पाहिल्या, मग ताईला पाहिलं.

"छान केलंत, ताई," ती म्हणाली. "तुम्ही शेवटी घरच्याच."

ताईने झाडू उचलला.

सुट्टीच्या दिवशी मालकीणबाई पुन्हा वर आल्या. रिकामी जमीन बघून त्यांचे डोळे चमकले. "खाट काढलीत? आता तर दुसरी मुलगी सहज मावेल."

"या तुम्ही," ताई म्हणाली. त्या बाहेर पडल्यावर तिने दार लावलं आणि आतून कडी घातली. मग भर दुपारी, फरशीवर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी आडवी झाली. हात पसरले, पाय ताणले. फरशी गार होती आणि पाठीला टोचत होती. उद्यापासून दोन माणसांचं काम करायचं होतं. ती तशीच पडून राहिली, सगळी खोली अडवून.