निकालाआधीचा फोटो

लातूरच्या एका क्लासचं ऑफिस मी सांभाळायचे, आणि त्याची वेबसाइटही माझ्याच गळ्यात पडली होती. कॉम्प्युटर मला टायपिंगपुरता यायचा. वेबसाइट बनवणारा माणूस साधी तारीख बदलायलाही दिवसचे दिवस लावायचा, म्हणून ऑफिसातल्या कुणालाही चालवता येईल असं काहीतरी घ्यायचं ठरलं. दोन सॉफ्टवेअर वापरून बघायला घेतली. एकात बटण दाबलं की पान थेट जगासमोर. दुसऱ्यात आधी मसुदा तयार व्हायचा आणि दुसऱ्या माणसाने मंजूर केल्यावरच तो बाहेर पडायचा.

क्लास चालवणाऱ्या सरांना पहिलं हवं होतं. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये क्लास उभा केलेला माणूस; थांबणं त्यांना माहीतच नव्हतं. साध्या माणसांना दोन-दोन बटणं कशाला, असं त्यांचं म्हणणं. साध्या माणसांनाच ती लागतात, असं मी म्हटलं तर हसले. मला भयंकर राग आला.

आमच्याकडे निकालाआधीच फोटो काढून ठेवायची पद्धत होती. मेडिकलला नंबर लागेल असं ज्यांच्याबद्दल वाटे, त्यांना हार घालून उभं करायचं, म्हणजे शेजारच्या क्लासच्या आधी आपलं पोस्टर लागतं. निकालाच्या आदल्या दिवशी सरांनी ते पान स्वतः तयार केलं, पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये. नुसतं कसं दिसतं ते बघायला, आणि बटण दाबलं.

दुपारी हदगावकडून एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. "मॅडम, पोरीचा फोटो पाह्यला. गावात पेढे वाटून राहिलो."

पान उघडलं, तर हार घातलेली ती, आणि वर 'निवड झालेले आमचे विद्यार्थी'. सरांनी घाईघाईने पान काढलं. मुलगी हुशार आहे, उद्या नंबर लागेलच, तोवर गप्प बसा, असं मला बजावलं. मी गप्प बसले नाही. फोन लावून वडिलांना खरं सांगितलं.

ते हळूच म्हणाले, "पण उद्या लागंल न्हवं, मॅडम?"

निकाल लागल्यावरच कळेल, एवढंच मी सांगितलं. रात्रभर त्या मुलीसाठी जीव टांगणीला लागला होता.

नंबर लागला नाही. थोडक्यात गेला. सरांनी दुसरं सॉफ्टवेअर घेतलं आणि मंजुरीचं काम माझ्याकडे दिलं. जिंकल्यासारखं मला अजिबात वाटलं नाही.

काही दिवसांनी ती मुलगी कागदपत्रं न्यायला एकटीच आली. सही करून झाल्यावर दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"मॅडम, तो फोटो पुन्हा कुठं दिसणार न्हाई ना?"

माझ्या मंजुरीशिवाय आता काहीच बाहेर जात नाही, असं मी सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही, आणि का बसावा? नव्या सॉफ्टवेअरच्या साठ्यात तो फोटो होताच; मी तिला तो उघडून दाखवला आणि माझ्या खुर्चीवर बसवलं. ते सॉफ्टवेअर तिने कधी पाहिलंही नव्हतं. पुसायचं बटण तिला दाखवावं लागलं नाही.